टाच दुखते, वैद्य म्हणतात चटका देऊ. द्यावा का?

संत्राबर्फी: नमस्कार मंडळी. आईची (वय 58) उजवी टाच तीन महिन्यांपासून दुखून राहिली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की कळ डोक्यात जाते म्हणते, मग भिंत धरून पाच-दहा पावलं चालली की मोकळं होते, दुपारी जेवून पडली अन् उठली की पुन्हा तेच. एक्सरेत हाड वाढलं आहे म्हणे. गोळ्या खाल्ल्या तेवढे दिवस बरं. आता नागपुरात महाल भागातल्या एका वैद्यांनी अग्निकर्म सांगितलं, म्हणजे सळई तापवून टाचेला टेकवणार! मी ऐकूनच गार. मेळघाटात लहान लेकरांच्या पोटावर डंबा (तापल्या लोखंडाचे चटके) देतात, तसलंच आहे का हे? कोणी केलंय का? अन् हो, आईला शुगर आहे.

बुटीबोरी_अपडाऊन: ताई मी केलं, दोन वर्षं झाली. आठ तास सेफ्टी शूज घालून उभं राहायचं काम. डंबा नाही हो बाप्पा. पंचधातूची शलाका असते, टोक बारीक, आधी अंगठ्यानं दाबून दाबून नेमकी दुखरी जागा शोधतात, तिथं टेकवून लगेच उचलतात अन् वरून कोरफडीचा गर. चर्र होते, मी बायकोचा हात असा आवळला की तीच ओरडली 😄 आठ-आठ दिवसांनी तीनदा केलं, दुसऱ्या वेळेनंतर सकाळची कळ कमी झाली. पण खरं सांगू का, त्याच महिन्यात मी बूटही बदलले, त्यामुळं श्रेय कोणाले द्यावं मलेच समजत नाही.

मागच्या_बाकावरचा: बीएएमएस करतोय, इंटर्नशिप सुरू आहे, म्हणून थोडं. याला वातकंटक म्हणतात, सुश्रुतसंहितेत आहे, पाय वेडावाकडा पडून घोटा-टाचेच्या जागी वात बिघडतो असं वर्णन. जुने उपाय तीन: रक्त काढणं, एरंडेल पिणं आणि सुईनं डागणं. म्हणजे वैद्यांनी मनचं काही सांगितलं नाही. पण सुश्रुतच म्हणतो की शरद आणि ग्रीष्मात अग्निकर्म टाळा, अगदीच तातडीचं नसेल तर. बाहेर 45 डिग्री तापलंय, मे महिन्यात घाई काहून? आणि शुगरचं वैद्यांना सांगितलं का? पायाला बधिरपणा आहे का ते आधी तपासून घ्या, एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करा. शुगर वाढलेली असली तर छोटा चटकाही चिघळू शकतो. वाढलेल्या हाडाचं टेन्शन नका घेऊ, तसं हाड असून काहीच न दुखणारे ढीगभर लोक असतात, दुखतं ते बहुतेक तळव्याचा पट्टा टाचेला चिकटतो तिथं. दुसरं मत हवं तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद कॉलेजच्या ओपीडीत दाखवा.

नंदनवनची_काकू: आमच्याकडे सासूबाई वीट तापवून त्यावर रुईची पानं ठेवायच्या अन् फडक्यात गुंडाळून टाच टेकवायच्या, रात्री तिळाचं तेल चोळून. मला आराम पडायचा. पण शुगरवाल्यांना विटेचा शेक नको गं, पाय बधिर असला तर भाजलेलं समजतच नाही. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नको. अन् कोणी बिब्बा लाव म्हटलं तर सरळ नाही म्हण, माझ्या नणदेची टाच फोडांनी भरली होती. त्यापेक्षा आईला घरात मऊ चप्पल दे, या मार्बलच्या फरशीनंच अर्ध्या बायांच्या टाचा गेल्या.

संत्राबर्फी: थँक्यू सगळ्यांना. शुगरचं सांगायचं राहिलंच होतं, आज फोन केला तर वैद्य स्वतःच म्हणाले आधी रिपोर्ट आणा, चटक्याचं पावसाळ्यात बघू, तोवर तेल अन् पोटरीचे स्ट्रेचिंग. चप्पल आणली तर आई म्हणते, घरात चप्पल घालून मी देवघरात जाऊ का?

नंदनवनची_काकू: उंबऱ्याशी काढ म्हणा. देवाजवळ पाट घेऊन बसायचं, उभं कशाला राहायचं.