खाद्यात अँटिबायोटिक नाही, तरी पिल्लांच्या ई. कोलायला रेझिस्टन्स कसा?

शंकासुर:
दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना जुलाब लागले म्हणून सॅम्पल पाठवलं, तर ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक चालत नाही (म्हणजे रेझिस्टन्स) असा रिपोर्ट आलाय. खाद्यात अँटिबायोटिक अजिबात नाही हो, फक्त झिंक ऑक्साइड आणि कॉपर सल्फेट. लॅबचाच काही घोळ असेल का?

प्लास्मिडप्रेमी:
लॅबला कशाला नावं ठेवता :) आधी झिंक-कॉपरकडे बघा. जुलाबासाठी झिंक ऑक्साइड २५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २५०० भाग) घालतात, त्यातलं अंगात जिरतं थोडंसंच, बाकीचं आतड्यातून विष्ठेत, म्हणजे तिथल्या जिवाणूंवर दिवसरात्र धातूचा मारा आणि त्यात तगतात ते धातू बाहेर फेकणारी जीन असलेले. आता बऱ्याचदा त्याच प्लास्मिडवर (जिवाणूतलं डीएनएचं छोटं वेगळं कडं, एकातून दुसऱ्यात जाऊ शकणारं) अँटिबायोटिकला न जुमानणारी जीन शेजारीच बसलेली असते, ती आपोआप सोबत टिकते. को-सिलेक्शन म्हणतात ते हेच. डुकरांतल्या एन्टेरोकोकसमध्ये (हाही आतड्यातला जिवाणूच) कॉपर सोसण्याची जीन व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जीनसोबत एकाच प्लास्मिडवर सापडलीय.

जुना_व्हेट:
बरोबर, पण सगळं खापर झिंकवर नको. टेट्रासायक्लिनच्या जीन्स कधीच औषध न दिलेल्या डुकरांतही मिळतात, पिल्लांना पहिल्याच दिवसांत मादीकडून जिवाणू मिळतात ना. मादीचं सॅम्पल तपासलंय का?
आणि एका जीनमुळे दुसरी टिकते याचं डेन्मार्कचं उदाहरण भारी आहे. तिथे १९९५ ला अॅव्होपार्सिन, म्हणजे खाद्यातलं व्हँकोमायसिनच्याच जातीचं अँटिबायोटिक, बंद केलं, तरी डुकरांतले व्हँकोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकोकस हटेनात, कारण टायलोसिन हे दुसरं अँटिबायोटिक चालूच होतं आणि दोन्हींच्या रेझिस्टन्सच्या जीन्स एकाच प्लास्मिडवर. १९९८ मध्ये टायलोसिनही थांबलं तेव्हा कुठे ते कमी झाले.

शंकासुर:
मादीचं नाही तपासलं, पाठवतो. मग झिंक उद्यापासून बंद करू का?

जुना_व्हेट:
एका झटक्यात नको. जुलाब वाढले की अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू होतात, मग फायदा काय राहिला? युरोपियन युनियनने औषधी डोसचं झिंक ऑक्साइड जून २०२२ पासून बंद केलं, खाद्यात एकूण झिंक १५० पीपीएमपर्यंतच चालतं, पण त्यासोबत प्रोटीन कमी करणं, ऑरगॅनिक अॅसिड घालणं, दूध जरा उशिरा तोडणं हे सगळं करावं लागतं. तुम्ही किती दिवसांनी तोडता?

प्लास्मिडप्रेमी:
आणि कॉपर विसरू नका, झिंक कमी केलं की लोक हळूच तेच वाढवतात. प्लास्मिडला काय, धातू कुठलाही चालतो जीन असली की.

शंकासुर:
२१ दिवसांनी तोडतो. २८ वर नेऊन बघतो, प्रोटीनचं आधी खाद्यवाल्याशी बोलतो.