मदत हवी आहे: जहाजावरच पुढची क्रूझ बुक करावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही वाशीचे. दिवाळीत आई-बाबांना घेऊन सिंगापूरहून क्रूझला निघतोय. बऱ्याच मोठ्या जहाजांवर पुढच्या सफरीच्या बुकिंगचा काउंटर असतो. तिथे अनेकदा डिपॉझिट कमी भरावं लागतं, वर जहाजावर खर्चायला थोडे डॉलरही मिळतात. बाबांना अलास्काच्या हिमनद्या बघायच्यात. गुडघे साथ देताहेत तोवर त्यांना न्यायचंच आहे. पण अलास्का अमेरिकेत, त्यामुळे कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघालो तरी कॅनडा आणि अमेरिका, दोन्ही व्हिसा लागणार, आणि स्वस्तातलं डिपॉझिट बहुतेकदा परत मिळत नाही. व्हिसा लांबला तर तारीख बदलून मिळते का? बुकिंग नंतर ठाण्याच्या आमच्या एजंटकडे वर्ग केलं तर सवलत टिकते का? कार्डाने डॉलरमध्ये भरताना मार्कअप (परकीय चलनासाठी बँक लावते ते जादा शुल्क) किती बसला? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.