थंडीत रोहूची वाढ खुंटली आहे. खाद्य बदलावे काय?

निफाडकर:
आमच्या ३० बाय ३० मीटरच्या, प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात जुलैअखेर रोहू व कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली. दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला जाळे फिरवले की वजन वाढलेले दिसे. डिसेंबरपासून मात्र रोहूचे सरासरी वजन ३५० ग्रॅमवरच अडले आहे. सकाळी सातला पाण्याचे तापमान १७ अंश, तर दुपारी वरच्या थरात २१ अंश असते. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात देतो. नोव्हेंबरात मात्रा वाढवली, तर कापलेल्या माशाच्या पाठीवर मांस तेवढेच आणि आतड्याभोवती पांढरी चरबी मात्र जास्त निघाली. जास्त प्रथिनांचे गोळीखाद्य दिल्यास मांस भरेल काय?

उजनीकाठ:
आत्ता देऊ नका, पैसे पाण्यात जातील. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार झाले की त्याची भूक आणि पचन दोन्ही मंदावतात. आपले रोहू-कटल्यासारखे कार्प मासे २५ ते ३० अंशांत चांगले वाढतात. खाद्य भोके पाडलेल्या पोत्यातून देत असाल, तर दोन तासांनी पोते वर ओढून पाहा. तळाशी आंबूस वासाचा लगदा उरला असेल, तर मात्रा लगेच कमी करा आणि खाद्य दुपारीच द्या. मी हे दोन हिवाळे वाया घालवून शिकलो.

शिरगावची माजी विद्यार्थिनी:
वरील सल्ला योग्यच आहे. त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगते. सस्तन प्राण्यांत स्नायुतंतूंची संख्या साधारण जन्माच्या सुमारास ठरते, पण रोहू-कटल्यासारख्या मोठ्या होणाऱ्या माशांत बोटुकलीच्या अवस्थेनंतरही नवे तंतू तयार होत राहतात आणि जुने जाड होतात. या दोन्ही कामांना अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, लागतात, आणि ती स्नायूत बसवण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. थंडीत हा वेग मंदावलेला असताना कोंड्यातील पिष्टमय पदार्थांची जादा ऊर्जा पोटात चरबी होऊन साठते; तुम्ही पाहिलेली चरबी बहुधा तीच.

शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्ले कमी असतात. मातीच्या तळ्यात प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) व किडे ही उणीव बरीच भरून काढतात, पण अस्तराच्या तळ्यात नैसर्गिक खाद्य तोकडे पडते. म्हणून पाणी २४-२५ अंशांवर स्थिरावले, की निम्म्या पेंडीच्या जागी सोयापेंड आणि थोडे फिशमील (सुक्या माशांची पूड) घाला, किंवा २८ ते ३० टक्के प्रथिनांचे गोळीखाद्य द्या. मात्र एप्रिल-मेमध्ये प्राणवायूकडे लक्ष असू द्या: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांत जेमतेम साडेसात, आणि माशाची गरज नेमकी तेव्हाच वाढलेली असते.

जाता जाता, अटलांटिक सॅमनची अंडी कोणत्या तापमानात उबवली यावर प्रौढ माशातील तंतूंची संख्या बदलते, असे संशोधनात दिसले आहे. ते आकडे रोहूला लावता येणार नाहीत, तरी मत्स्यबीज कुठून आणि कसे आले याची चौकशी करण्यास ते पुरेसे कारण आहे.

निफाडकर:
आपल्या दोघांचेही आभार. आज पोते वर काढले, तर निम्मे खाद्य तसेच होते. उद्यापासून मात्रा निम्मी करतो आणि तापमानाची नोंद रोज दोनदा ठेवतो.