मदत हवी आहे: दुपार झाली की फोटोपीक सरकतं, केळीतलं पोटॅशियम मोजू कसं?

धागाकर्ती, रावेर तालुका

नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट द्यायला तीन आठवडे उरलेत आणि मी पार अडकलीय. घरची केळीची बाग आहे, म्हणून विषय हौसेने तोच घेतला, की आपल्या केळीतलं पोटॅशियम गॅमा किरणांवरून मोजायचं. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं, त्यातून १४६१ केईव्हीचा (केईव्ही म्हणजे ऊर्जेचं एकक) गॅमा निघतो. अडचण अशी की एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला ३१ च्या आसपास विघटनं होतात आणि त्यातल्या शंभरातल्या साधारण अकरांतूनच गॅमा येतो, म्हणजे सेकंदाला तीन-साडेतीन, तेही चहूबाजूंना जाणार, डिटेक्टरच्या वाट्याला किती येणार!

लॅबमध्ये दोन बाय दोन इंचाचा सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आहे (गॅमा पडला की त्याचा क्रिस्टल चमकतो), त्याला पीएमटी (त्या चमकेचा विजेचा सिग्नल करून वाढवणारी नळी) आणि एमसीए (सिग्नल ऊर्जेप्रमाणे चॅनलमध्ये, म्हणजे कप्प्यांत, मोजून आलेख म्हणजे स्पेक्ट्रम काढणारं यंत्र) जोडलेला. आधी घरून लाल पोटॅश नेलं (खताचं, ६० टक्केवालं), अर्धा किलो डब्यात भरून समोर ठेवलं तर दहा मिनिटांत १४६१ चं फोटोपीक (त्या ऊर्जेचा आलेखातला उंचवटा) असं उभं राहिलं की मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग त्याच डब्यात अर्धा किलो केळीचा गर भरला, भोवती शिशाच्या विटा लावल्या, आणि दहा तास चालवलं. या फोटोपीकभोवतीच्या ६९५ ते ७६५ चॅनलच्या खिडकीत ५६१० काउंट आले. रिकामा डबा ठेवून दहा तासांत ५२००. म्हणजे लॅबच्या भिंतींतलं पोटॅशियमच माझ्या केळीपेक्षा कितीतरी जास्त दिसतंय.

त्यात भर म्हणजे सकाळी २९ अंशाला सीझियम-१३७ चं (तपासणीच्या किरणोत्सारी सोर्सचं) ६६२ केईव्हीचं फोटोपीक ३३१ चॅनलला होतं, दुपारी दोनला लॅबमध्ये ४० अंश (वर पत्रे आहेत आणि बाहेर आपला मे महिना) आणि तेच फोटोपीक ३१४ ला. व्होल्टेज तेच, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) तोच, कनेक्टर तीनदा काढून लावले, काहीच फरक नाही. सोर्स कपाटात कुलपात असतो, रात्रभर लावून ठेवायची परवानगी नाही. डिटेक्टर खराब झाला का? आणि ४१० चा फरक खरा मानायचा का?

अजून एक, वडील विचारताहेत की केळीत रेडिएशन आहे असं गावात पसरलं तर व्यापारी भाव पाडतील, त्यांना नीट कसं समजावू?

प्रतिसाद, भुसावळ

ताई, आमच्याकडे असंच व्हायचं. आम्ही डिटेक्टरच्या तोंडावर कूलर लावायचो, तसं करून बघ.

प्रतिसाद, धुळे (३० वर्षं लॅबमध्ये काढली)

कूलर अजिबात नको बेटा! सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल एकदम गार-गरम झाला की तडकतो, आणि कूलरची दमट हवा हाय व्होल्टेजच्या कनेक्टरला वाईट. डिटेक्टर ठणठणीत आहे, काळजी करू नको. तापमान वाढलं की पीएमटीचा गेन उतरतो आणि क्रिस्टलचा प्रकाशही बदलतो, अंशाला अर्धा टक्का धरलास तर अकरा अंशांना पाच-साडेपाच टक्के, तुझे ३३१ चे ३१४ बरोबर तेवढेच होतात. आता हाच हिशोब १४६१ ला लाव. ७३० च्या जवळचं फोटोपीक सदतीस-अडतीस चॅनल खाली येतं, म्हणजे जवळपास अख्खी रुंदी सरकली आणि खिडकी मात्र तू जागेवर ठेवलीस. बॅकग्राउंड कधी घेतलंस? रात्री ना? आणि केळी दिवसा? मग ही वजाबाकी धरायचीच नाही. एरवी ५६१० आणि ५२०० च्या बेरजेचं वर्गमूळ १०४, म्हणजे ४१० हा चुकीच्या (मोजणीतल्या अनिश्चिततेच्या) चौपट, वाईट नव्हता आकडा, पण वेळा वेगळ्या.

दोन्ही रात्रीच घे, एक रात्र रिकामा डबा आणि एक रात्र केळी. हाय व्होल्टेज तासभर आधी चालू कर. सोर्स नाही मिळत तर नको, सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा मिनिटं पोटॅशची पिशवी समोर ठेव, तीच तुझी पट्टी. मधल्या वेळात दर दोन तासांचा स्पेक्ट्रम वेगळा सेव्ह कर, भिंतीतलं १४६१ कुठे आहे ते बघ आणि सरकलं असेल तर जुळवून मग बेरीज कर. ज्या भिंतीचा तुला राग येतोय तीच खूण देतेय बघ.

धागाकर्ती

हो काका, केळी दिवसाच लावली होती, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा 😔 हे डोक्यातच आलं नाही.

प्रतिसाद, जळगाव

वरच्या काकांचं एकदम बरोबर, आणि हीच युक्ती अंतराळात चालते. नासाचा फर्मी उपग्रह २००८ मध्ये गेला, त्याच्यावर गॅमा स्फोट पकडायला सोडियम आयोडाइडचेच १२ डिटेक्टर आहेत. तिथे कुणी सोर्स घेऊन जाणार नाही, म्हणून बॅकग्राउंडमध्ये कायम दिसणाऱ्या ५११ केईव्हीच्या ओळीवर (इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांना संपवतात ती) लक्ष ठेवून सॉफ्टवेअर हाय व्होल्टेज जुळवत राहतं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्यावर गुरुत्वीय लहरींपाठोपाठ १.७ सेकंदांनी जो गॅमा स्फोट आला तो याच डिटेक्टरांनी टिपला. व्हायवाला हे नक्की सांग.

वडिलांना सांगा की माणसाच्या अंगातच सव्वाशे-दीडशे ग्रॅम पोटॅशियम असतं, त्याची सेकंदाला चारेक हजार विघटनं होतात, आणि केळी खाल्ली तरी शरीर जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं, साठवत नाही. भात, बटाटा, दूध, सगळ्यात तेच आहे.

आणि गराऐवजी राख कर. पाणी उडून जातं, पोटॅशियम राखेत उरतं, डब्यात कितीतरी पट मावतं. फक्त मफल फर्नेस (राख करायची बंद विजेची भट्टी) ४५०-५०० अंशांच्या पुढे नेऊ नको, नाहीतर पोटॅशियमही उडायला लागतं.

धागाकर्ती

दोन रात्री लॅबमध्ये काढल्या. आता फरक ६४० आला, चूक १०० च्या वरच. पोटॅशच्या त्याच डब्याशी प्रमाण लावलं तर अर्ध्या किलो गरात पावणेदोन ग्रॅम पोटॅशियम, तीन दशांश इकडे-तिकडे. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅम, पुस्तकातला आकडाही असाच आहे! काका, सर, खरंच मनापासून आभार. पहाटे तीनला लाइट गेली होती, इन्व्हर्टरवर चाललं पण तो दोन तासांचा तुकडा मी वगळला, बरोबर केलं ना? केमिस्ट्रीची फर्नेस सोमवारी मोकळी आहे. वडिलांनी आजच दोन पाट्या साली धाब्यावर वाळत घातल्यात.