मदत हवी आहे: रूल टाकला तरी कॅमेरा इंटरनेटवर जातोच आहे

अर्धा_डुप्लेक्स
राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी २३.०५ (राउटरची मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम) आहे. वायफाय कॅमेरा घरातल्या फोनवर दिसायला हवा, पण बाहेर त्याने काहीही पाठवायला नको. स्टॅटिक लीज (राउटरने कायम तोच पत्ता द्यायची नोंद) देऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.५० असा पक्का केलाय. नेटवर्क, फायरवॉल, ट्रॅफिक रूल्स इथे रूल केला: सोर्स झोन लॅन (घरातलं नेटवर्क), सोर्स पत्ता वरचा, डेस्टिनेशन झोनला हात लावला नाही, अ‍ॅक्शन ड्रॉप. सेव्ह अँड अप्लाय झालं. तरी मोबाइल डेटावरून अ‍ॅपमध्ये चित्र येतंच. कुठे चुकतंय?

सातवा_थर
ज्याला हात लावला नाहीत, तिथेच. डेस्टिनेशन झोन मुळात 'डिव्हाइस', म्हणजे खुद्द राउटर असतो. तो रूल इनपुटचा, म्हणजे राउटरकडेच येणाऱ्या पॅकेटचा झाला. कॅमेऱ्याने राउटरशी बोलायचं नाही एवढंच त्यातून साधलं. राउटरमधून पलीकडे जाणारं पॅकेट फॉरवर्डच्या वाटेने जातं आणि तिथे तुमचा रूल नाहीच. शिवाय कॅमेऱ्याची लीज रिन्यू करायची विनंतीही आता अडते आहे.

डेस्टिनेशन झोन वॅन (बाहेरचं इंटरनेट) करा. प्रोटोकॉल (पॅकेट पाठवायची पद्धत) मुळात फक्त टीसीपी आणि यूडीपी असतो, तो 'एनी' करा. अ‍ॅक्शन रिजेक्ट ठेवा: ड्रॉपमध्ये समोरच्याला काही कळत नाही आणि तो टाइमआउटपर्यंत ताटकळतो, रिजेक्टमध्ये लगेच नकार मिळतो. घरातल्या यंत्रांपासून लपायचं काही कारण नाही.

मग राउटर रीबूट करा. आधीपासून चालू असलेलं कनेक्शन 'एस्टॅब्लिश्ड' म्हणून तुमच्या रूलपर्यंत पोचायच्या आधीच पास होतं. नुसती फायरवॉल रीस्टार्ट केली तर रूल नव्याने लागतात, कनेक्शनची जुनी नोंद तशीच राहते. रात्री दहानंतर टॅबलेट बंद असा रूल करूनही चालू व्हिडिओ थांबत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

अर्धा_डुप्लेक्स
केलं. स्टेटसखालच्या फायरवॉल पानावर त्या रूलसमोरचा पॅकेटचा आकडा वाढतोय, म्हणजे रूल लागतोय. पण चित्र अजून येतं! आणि त्यावरचं घड्याळ चुकायला लागलंय.

कोरडा_खडू
आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत; १९२.१६८.१.५० हा जुन्या आयपीव्ही४चा). सोर्समध्ये आयपीव्ही४ पत्ता भरला की रूल तेवढ्यापुरताच. कॅमेऱ्याकडे आयपीव्ही६ पत्ता असेल तर तो मागच्या दाराने आरामात बाहेर. पत्त्याचा रकाना रिकामा करून सोर्स मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) भरा आणि फॅमिली (आयपीव्ही४ की ६) दोन्ही ठेवा. फक्त मध्ये वायफाय रिपीटर नाही ना ते बघा. काही रिपीटर पलीकडच्या सगळ्या यंत्रांचं पॅकेट स्वतःच्याच मॅकने पुढे पाठवतात.

घड्याळासाठी वॅनकडे पोर्ट १२३ उघडू नका. सिस्टीमच्या टाइम सिंक्रोनायझेशनमध्ये राउटरलाच एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर करा आणि कॅमेऱ्यात सर्व्हर म्हणून राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ टाका. पहिला चुकीचा रूल अजून असेल तर मात्र आठवणीने काढा, नाहीतर हेही अडेल.

सातवा_थर
हे सगळं ठिगळ आहे, चालतं म्हणून चालवायचं. कॅमेरा तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचतोय ते यातल्या एकाही रूलने थांबत नाही, कारण एकाच लॅनमधलं पॅकेट फायरवॉलपर्यंत येतच नाही.

पक्कं करायचं तर वेगळा इंटरफेस (राउटरवरचं वेगळं नेटवर्क), १९२.१६८.५०.१, त्यावर डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) आणि वेगळं वायफाय नाव. त्याला नवा झोन: इनपुट रिजेक्ट, आउटपुट अ‍ॅक्सेप्ट, फॉरवर्ड रिजेक्ट. फॉरवर्डिंग फक्त लॅनकडून या झोनकडे. उलट नाही, वॅनकडेही नाही. उत्तराची पॅकेट एस्टॅब्लिश्ड म्हणून आपोआप परततात. इनपुटला दोनच अपवाद: यूडीपी ६७ डीएचसीपीसाठी आणि यूडीपी १२३ वेळेसाठी. ६७ विसरलात तर कॅमेरा वायफायला जोडलेला दिसेल, पण त्याला पत्ताच मिळणार नाही. मॅकची भानगड उरत नाही, आयपीव्ही६ची गळतीही नाही.

अर्धा_डुप्लेक्स
झोन केला, बाहेरून चित्र बंद झालं. पण आता घरातही अ‍ॅपला कॅमेरा सापडत नाही. लॅपटॉपवरून पिंग (यंत्रापर्यंत पोचतंय का ते पाहायची हाक) लागतो.

कोरडा_खडू
पिंग लागतो म्हणजे वाट मोकळी आहे. अ‍ॅप कॅमेरा शोधायला ब्रॉडकास्ट किंवा मल्टिकास्ट (अनेकांना एकदम) हाक मारतं, ती एका सबनेटमधून (नेटवर्कच्या भागातून) दुसऱ्यात जात नाही. कॅमेऱ्यात आरटीएसपी (थेट चित्र पाठवायची पद्धत) चालू करून व्हीएलसी प्लेअरमध्ये नवा पत्ता आणि पोर्ट ५५४ थेट टाका. पत्त्यातला त्यापुढचा भाग कंपनीगणिक वेगळा, कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत बघा.