विरोध इराकला होता, सगळ्या युद्धांना नाही

काही जण म्हणतात की ओबामा युद्धविरोधी म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निवडून आले आणि खुर्ची मिळताच पलटी मारली. पलटी कसली? २ ऑक्टोबर २००२ चं त्यांचं शिकागोतलं भाषण काढून वाचा. तेव्हा ते इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये होते. इराकयुद्धाच्या विरोधातली सभा, आणि तिथेच त्यांनी ठणकावून सांगितलं की माझा सगळ्या युद्धांना विरोध नाही. अमेरिकेचं यादवी युद्ध, दुसरं महायुद्ध, दोन्हींचे दाखले दिले. आक्षेप होता तो इराकवरच्या चढाईला.

गंमत म्हणजे कात्री दुसऱ्या बाजूनेही चालते. परवा ठाण्यात मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर एका काकांनी मोबाइल पुढे केला. त्याच भाषणातली ‘माझा सगळ्या युद्धांना विरोध नाही’ एवढी एकच ओळ, वर मथळा ‘युद्धखोर ओबामा’. म्हटलं, "काका, पुढचं इराकबद्दलचं कुठाय?" तर म्हणे, "मला एवढंच आलंय बुवा."

अफगाणिस्तानचं म्हणाल, तर ऑगस्ट २००७ मध्ये, उमेदवार असतानाच, ते तिथे आणखी किमान दोन ब्रिगेड (काही हजार सैनिकांची एकेक तुकडी) पाठवण्याची भाषा करत होते. डिसेंबर २००९ मध्ये ३०,००० जादा सैनिकांचा निर्णय जाहीर केला. आकडा फुगला हे खरं, पण दिशा आधीच सांगितलेली होती.

त्यांना धरायचंच असेल तर लिबियावरून धरा. २०११ मध्ये तिथले हवाई हल्ले काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मंजुरी न घेता झाले, आणि तिथे माझ्याकडेही बचाव नाही.