मदत हवी आहे: माल गोदामात न येता थेट पुढच्या कार्यक्रमाला जातो, मोजणी कधी करायची?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचा साउंड-लाइट भाड्याने देण्याचा धंदा आहे. तुळशीचं लग्न झालं की तारखा एकाला एक लागून येतात. रात्री बाराला साताऱ्यातलं रिसेप्शन संपतं आणि सकाळी नऊला कराडमध्ये हळदीला तोच सेट उभा हवा असतो. टेम्पो गोदामाकडे वळतच नाही.

परवा तिसऱ्या ठिकाणी पेटी उघडली, तर 24 एक्सएलआर केबलपैकी (माइक-मिक्सर जोडायच्या वायरी) 19 निघाल्या, एका पार लाइटचा (स्टेजवरचा डब्यासारखा दिवा) टांगायचा क्लॅम्प तुटलेला. नुकसान कुठे झालं? पहिल्या पार्टीचं डिपॉझिट तर आम्ही परतही केलं होतं. पोरांवर संशय घ्यायला मन धजत नाही, रात्रभर जागून अंधारात गुंडाळागुंडाळ करतात बिचारी.

सगळीकडे एकच चलान (सोबत जाणारी मालाची यादी) फिरवलं, ही आमची चूक. आता पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवली आहे, भरतानाच फोटो काढायला सांगितलंय. पण न तपासलेला माल पुढच्या बुकिंगला हातात आहे असं धरायचं का? क्यूआर स्टिकर कुणी वापरतं का, धुळीत टिकतात का? की जादा केबलची एक पेटी टेम्पोत कायमच ठेवता?